गडवाटेच्या श्रमदान शिबिराची तयारी : प्रायोजकाचा पैसा आधी कुठे लागावा

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी प्रायोजित निवासी शिबिर ठरले, की पहिल्याच बैठकीत टी-शर्टचा रंग, फलक आणि उद्घाटनाचे पाहुणे यांची चर्चा सुरू होते. पुढील यादी दुसऱ्या टोकापासून, म्हणजे मुलांच्या पायांपासून आणि वाटेवरून वाहणाऱ्या पाण्यापासून केलेली आहे. सह्याद्रीतील एखाद्या गडाची वाट दुरुस्त करत मुलांना निसर्ग आणि इतिहास शिकवू पाहणारे शिक्षक व कार्यकर्ते यांच्यासाठी ती आहे.

गड कोणाच्या ताब्यात आहे, हे सर्वांत आधी पाहावे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड यांसारखे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. शिवाय पायथ्यापासून वर चढणारी वाट पुष्कळदा वनखात्याच्या जमिनीतून जाते. म्हणून दोन्हीकडे लेखी अर्ज करावेत आणि हिवाळ्यातील शिबिरासाठी ते पावसाळ्यातच पाठवावेत. माझ्या मते मुलांचे काम गडाखालच्या वाटेपुरतेच ठेवावे. तटबंदी, दरवाजे, पाण्याची टाकी हे जाणकारांचे काम आहे, आणि ढासळलेल्या तटाचा एकही घडीव दगड पायरीसाठी उचलला जाणार नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच समजावून सांगावे. काम करताना नाणे किंवा तोफगोळा सापडला तर तो न हलवता जागेवरच ठेवून संबंधित खात्याला कळवावे.

प्रायोजकाशी बोलणी करताना खर्चाचा क्रम कागदावर यावा : प्रथम विमा, बूट, वैद्यकीय सोय आणि प्रशिक्षित मार्गदर्शकांचे मानधन, नंतर जेवण व प्रवास, आणि काही उरलेच तर टी-शर्ट. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील निधी, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) पैसा घ्यायचा असेल, तर संस्थेने त्यासाठीची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी आधीच करून ठेवावी. उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरले जात नाही, त्यामुळे फलकांचा आग्रह नम्रपणे नाकारायला नियमाचाही आधार आहे. विनाशुल्क आलेल्या मुलांची छायाचित्रे ‘गरजू विद्यार्थी’ अशा ओळीखाली छापली जाणार नाहीत, ही अटही करारात असावी. पंधरा वर्षांच्या मुलाला ती ओळ फार लागते.

बुटांवर सर्वाधिक काळजी खर्च करावी. शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांचा तळवा गुळगुळीत झालेला असतो आणि घसाऱ्यावर, म्हणजे मुरूम सुटलेल्या उतारावर, तो धरत नाही. मुलांकडून केवळ नंबर लिहून घेऊ नयेत, कारण ज्यांचे बालपण अनवाणी किंवा चपलेवर गेले आहे त्यांचे पाऊल पुढून रुंद असते आणि नेहमीच्या मापाचा बूट करंगळीला चावतो. संध्याकाळी, मोजा घालून, कागदावर उभे करून पेन्सिलने पावलाची कड काढावी आणि त्या कागदावरून खरेदी करावी. बूट शिबिराच्या किमान दोन आठवडे आधी हातात द्यावेत आणि शाळेत ये-जा करताना वापरायला सांगावेत. शिबिर संपल्यावर ते मुलांकडेच राहावेत.

पालकांची लेखी संमती घेताना दमा, फिट येणे, ॲलर्जी आणि चालू असलेली औषधे स्पष्ट विचारावीत. मुली असतील तर महिला मार्गदर्शक, स्वतंत्र निवास, बंदिस्त शौचालय आणि सॅनिटरी पॅड यांची सोय झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध आहे का, हे विचारावे, आणि १०८ क्रमांकाला मुक्कामाच्या जागेवरून फोन लागतो का, हेही पाहावे. फुरसे हा विषारी साप आणि विंचू दगडाखालीच बसतात, म्हणून प्रत्येक दगड आधी पहारीने उचकवावा आणि मगच हात घालावा, हा नियम मोठ्यांनीही पाळावा. साप चावल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये. अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. लाल विंचवाचा दंशही हलका समजू नये, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला, त्याआधी कोकणात या दंशाने माणसे दगावत असत. कड्यावर आग्या मोहोळ असेल, तर त्याखाली चूल पेटवू नये, अत्तर किंवा डिओडरंट कोणी लावू नये, आणि अंग झाकायला एक चादर प्रत्येकाच्या पाठपिशवीत असावी.

अवजारांत कुदळ, फावडी, घमेली, विळे आणि दोन-तीन पहारी पुरतात. दांडे घट्ट आहेत की नाहीत, हे आदल्या दिवशी पाहावे. हातमोजे मुलांच्या मापाचे आणावेत. कामाची वेळ सकाळीच ठेवावी, प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी असावे आणि मोठे दगड हलवणे प्रौढांकडेच राहावे.

कामाची आखणी मात्र मुलांसोबत वाट चालून करावी. वाट खराब होते ती मुख्यतः पाण्यामुळे : पावसाचे पाणी वाटेलाच ओहोळ करून धावते, मधोमध घळ पडते, लोक कडेच्या गवतावरून चालू लागतात आणि वाट दरवर्षी रुंदावत जाते. म्हणून पायऱ्या रचण्याआधी पाणी बाहेर काढावे. वाटेला दरीच्या बाजूला हलका उतार द्यावा, मीटरभर रुंदीला साधारण पाच सेंटीमीटर. चढावर दगडांची तिरकी ओळ गाडावी, प्रत्येक दगडाचा मोठा भाग जमिनीत राहील अशी, आणि तिच्या खालच्या टोकाला पाणी सुटायला चर मोकळा ठेवावा. चेंडू वाटेवर ठेवून तो दरीकडे घरंगळतो का, हे मुलांनाच तपासू द्यावे. वाटेत आलेली घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन फोफावलेली झुडपे मुळासकट काढायला हरकत नाही, पण कारवीला हात लावू नये. सात वर्षांतून एकदा फुलणारे ते झुडूप उताराची माती धरून ठेवते.

अंदाजपत्रकात जुलैमधील एका दिवसाच्या बसभाड्याची रक्कम वेगळी काढावी. पावसात पुन्हा त्याच वाटेवर जाऊन कोणती ओळ टिकली, कोणता चर गाळाने भरला हे मुलांनी पाहावे आणि वहीत नोंदवावे. पुढील हिवाळ्याच्या कामाची यादी या नोंदींवरूनच करावी.