साठवणुकीचे कंटेनर भाड्याने द्यायचे असतील तर पहिला डबा घेण्याआधी हे वाचा

महिन्यातून दोन-तीन जण तरी विचारतात की कंटेनर घेऊन भाड्याने लावायचाय, किती सुटतात. तर एकदाच सगळं लिहून टाकतो. मी पुण्याच्या बाजूला हे करतो, अकरा डबे आहेत, म्हणजे फार मोठा शेठ वगैरे नाही, पण चुका मात्र बहुतेक सगळ्या करून झाल्यात.

आधी गिऱ्हाईक शोधा, डबा नंतर. बिल्डरला साइटवर सिमेंट-टाइल्स ठेवायला लागतो, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला केबल ठेवायला लागतो आणि तांब्याची केबल रात्रीत गायब होते हे त्याने एकदा भोगलेलं असतं म्हणून तो भावात फार घासत नाही, मंडप-डेकोरेशनवाले, रिडेव्हलपमेंटला गेलेल्या सोसायटीतले लोक, चाकण-रांजणगावकडे गोडाऊन भरलेले कारखाने, हे सगळे आपलेच. दोन आठवडे गाडी घेऊन फिरा आणि एवढंच विचारा की आत्ता सामान कुठे ठेवता. उत्तरं ऐकून कळेल तुमच्या भागात धंदा आहे का नाही.

घ्यायचा तर २० फुटी घ्या. २० बाय ८, उंची साडेआठ फूट, रिकामा सव्वादोन टनाच्या आसपास, आत ३३ घनमीटर जागा. ४० फुटी फुटाच्या हिशोबात स्वस्त वाटतो, पण तो ट्रेलर एखाद्या पेठेत वळवून दाखवा, मग बोलू.

जुना माल न्हावा शेवा बंदरामुळे उरण, कळंबोली, तळोजा या पट्ट्यात मिळतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. परदेशातून आलेला कंटेनर कस्टम ड्युटी न भरता देशात येतो, कारण तो ६ महिन्यांत परत जाणार असं धरलेलं असतं. तोच इथे विकायचा म्हटलं की ड्युटी भरावी लागते. म्हणून बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे भरलेला आयातीचा कागद, आणि ड्युटी भरल्याची पावती मागायचीच, आणि दारावरचा नंबर, म्हणजे ४ अक्षरं आणि ७ आकडे, कागदावरच्या नंबराशी एकेक करून जुळवायचा. "साहेब सगळे असेच नेतात" म्हणाला की चहा पिऊन निघायचं.

बघायचा कसा? आत जा, बाहेरच्या पोराला दोन्ही दारं लावायला सांगा आणि दोन मिनिटं अंधारात गप उभे राहा. छपराला सुईएवढं भोक असलं तरी चांदणीसारखं दिसतं. मग बाहेर येऊन खाली वाका आणि डब्याच्या तळाच्या आडव्या पट्ट्या हातोडीने ठोका, गंज खाल्लेली पट्टी आवाजातच कळते. दाराचं रबर बोटाने दाबून बघा. जमिनीचं प्लायवूड २८ एमएमचं असतं आणि त्याला बहुतेक वेळा कीडनाशक मारलेलं असतं, म्हणून धान्य किंवा खायचं काही थेट त्यावर ठेवू देऊ नका, गिऱ्हाइकाला आधीच सांगा. घेतल्यावर वेल्डरकडून कुलुपावर लोखंडी पेटी मारून घ्या, म्हणजे कटरचं तोंड कुलपापर्यंत पोचत नाही. गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात, वर रंग, झालं.

आता पैसे खरे कुठे जातात ते सांगतो. समजा खरेदी, वाहतूक, रंग धरून डबा दीड लाखाला पडला. भाडं महिना ७,०००. वर्षाचे बारा महिने तो बाहेर असेल असं स्वप्न बघू नका, आठ धरा. झाले ५६,०००. यार्डाचं, म्हणजे रिकामे डबे ठेवायच्या जागेचं, भाडं आणि दुरुस्तीला १६,००० गेले, हातात ४०,०००. म्हणजे पावणेचार वर्षं नुसती मुद्दल निघायला. आता यात एका खेपेचा ट्रेलर आणि हायड्रा (डबा उचलणारी क्रेन) यांचा खर्च तुमच्या खिशातून गेला की एक महिना उडाला, आणि गिऱ्हाइकाने दोन महिन्यांत परत केला तर काय उरलं ते तुम्हीच बघा. त्यामुळे जायचा आणि यायचा दोन्ही खर्च वेगळा आणि आधी घ्यायचा, कमीत कमी सहा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, आणि सुरुवातीला यार्डापासून ३०-४० किलोमीटरच्या बाहेर जायचंच नाही, कितीही गोड बोलला तरी.

डबा ठेवणं हे वेगळंच शास्त्र आहे. सगळं वजन चार कोपऱ्यांवर येतं. एक कोपरा इंचभर बसला की सांगाडा पिळतो आणि दार लागत नाही. माझा एक डबा काळ्या मातीत ठेवलेला, जूनच्या पहिल्या पावसात सुपरवायझरचा फोन, "तुमचं दार खराब आहे, दुसरा डबा पाठवा." गेलो, दार खांद्याने ढकलून बघितलं, खालचा कोपरा दाराच्या चौकटीला घासत होता. जॅक लावला, मागच्या कोपऱ्याखाली दोन लाकडी स्लीपर, म्हणजे जाड ओंडके, सरकवले, दार आपोआप बसलं. तेव्हापासून जागेवर आधी मुरूम टाकायला लावतो आणि पाण्याची नळी धरून चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते मोजतो. वरच्या विजेच्या तारा आदल्या दिवशी जाऊन बघा, फोनवरच्या "काही नाही वर" वर विश्वास ठेवू नका. आणि दार कुठल्या तोंडाला पाहिजे ते यार्डात ट्रेलरवर चढवतानाच ठरवा, अरुंद जागेत नंतर फिरवता येत नाही.

करारात लिहायच्या गोष्टी: आतला माल गिऱ्हाइकाचा, विमा त्याचा, सिलिंडर, थिनर, डिझेल बंद, परत देताना रिकामा. हे शेवटचं मी लिहिलं नव्हतं. एकाने "रिकामाच आहे" म्हणून बोलावलं, हायड्राने उचलायला घेतला तर डबा हलेना आणि हायड्राची मागची चाकं जमीन सोडायला लागली. आत अर्धा डबा टाइल्स! ड्रायव्हरने मला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही, रिकाम्या खेपेचे पैसे मात्र मीच भरले.

पावसाळ्यात आणि थंडीच्या पहाटे आतल्या पत्र्याला घाम येतो, छपराला गळती नसतानाही माल ओला होतो. बाजूची हवेची भोकं बंद करू देऊ नका, माल पॅलेटवर आणि पत्र्यापासून वीतभर लांब ठेवायला सांगा.

कागदाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी लागतोच, पण कंपन्या आधीपासूनच नंबर मागतात. डबा हलवताना डिलिव्हरी चलन सोबत, आणि किंमत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन जीएसटी कागद) लागतं का ते सीएला विचारून घ्या. यार्डाची जागा घेताना सातबारा बघा, शेतजमीन असेल तर एनएचा, म्हणजे बिगरशेती वापराचा, विषय आधी मिटवा.

जाहिरातीला मी एक रुपया घातलेला नाही. डब्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर अक्षरात स्वतःचा नंबर रंगवलाय, अर्धे फोन तिथूनच येतात. परवा रात्री साडेदहाला एकाचा आला, यात चहाची टपरी टाकली तर चालेल का. म्हटलं भाडं वेळेवर दे, पण खिडकी कापायची नाही.