ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी काय काय विचारून घ्यायचं

रिपोर्ट आला की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतंच, "सगळं काढूनच टाका, उगाच रिस्क नको." आणि पेशंट बिचारी अजून गप्पच असते तोवर तारीख ठरून मोकळी. जरा थांबा. बहुतेक वेळा एकदोन आठवडे तपासण्या आणि विचारपूस करण्यात गेले तर काही बिघडत नाही (काढे आणि जडीबुटीत महिने घालवणं वेगळं, ते अजिबात करू नका). आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या वेळी मीच फाईल घेऊन फिरत होते, त्यामुळे कामाचं तेवढं लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट पूर्ण आलाय का बघा. नुसतं "कॅन्सर आहे" एवढ्यावर भागत नाही, ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रोटीन गाठीत जास्त आहे का) या तीन टेस्टचा रिझल्ट पाहिजे, कारण आधी ऑपरेशन की आधी केमो हे बरंचसं त्यावर ठरतं. हर-टू पॉझिटिव्ह असेल किंवा तिन्ही निगेटिव्ह असतील, आणि गाठ दोन सेंटीमीटरच्या वर असेल किंवा काखेत पसरलेलं असेल तर बरेचदा आधी केमो देतात, गाठ लहान होते आणि कधीकधी ब्रेस्ट वाचवता येतं. अशी आधी केमो ठरली तर एक प्रश्न न विसरता विचारा, "गाठीत क्लिप टाकणार का?" केमोने गाठ पूर्ण विरघळली (होतं असं) तर सर्जनला नेमकी जागा सापडायला हवी ना. बारीकशी धातूची खूण असते ती, पण केमो सुरू व्हायच्या आधीच टाकून घेतलेली बरी.

मग मोठा प्रश्न, पूर्ण ब्रेस्ट काढायचं की फक्त गाठ. अमेरिकेत आणि इटलीत यावर मोठे अभ्यास झाले, त्यांचे २० वर्षांचे निकाल २००२ साली छापून आले, गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण ब्रेस्ट काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक निघाला नाही. त्यामुळे "सगळं काढलं की कायमची सुटका" हे खरं नाही, पूर्ण काढल्यावरही छातीच्या कातडीवर परत येऊ शकतो, आणि केमो लागणार की नाही हे तर किती काढलं यावर ठरतच नाही. पण पूर्ण काढणंच बरोबर अशाही केसेस असतात, गाठी वेगवेगळ्या ठिकाणी पसरलेल्या असतील, ब्रेस्टच्या मानाने गाठ फार मोठी असेल, त्याच जागी आधी रेडिएशन झालेलं असेल. तेव्हा सरळ विचारा, "माझ्या केसमध्ये वाचवता येईल का, येत नसेल तर कशामुळे?" आणि "काढलेल्या भागाची कड क्लिअर नाही आली, म्हणजे कडेला कॅन्सर राहिलेला दिसला, तर परत ऑपरेशन का?" तरुण वय असेल, तिन्ही निगेटिव्ह असतील किंवा आई-मावशी-आत्याला झालेला असेल तर बीआरसीए टेस्टचंही (घराण्यातून येणारा जीनमधला दोष बघणारी) विचारा, तिच्या रिझल्टवर हाच निर्णय बदलू शकतो.

ब्रेस्ट वाचवलं तर रेडिएशन जवळपास प्रत्येकीला लागतं, आणि ते साधारण तीन आठवडे, रविवार-सुट्टी सोडून रोज. गावात मशीन नसेल तर राहायचं कुठे, सोबत कोण, हे आधी बघा. नुसत्या या अडचणीपायी पूर्ण काढून घेणाऱ्या बायका आहेत, आणि तो निर्णय चुकीचा असं मी म्हणणार नाही, फक्त पूर्ण काढूनही रेडिएशन लागू शकतं हे माहीत असू द्या.

काखेबद्दल कुणी विचारतच नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं त्रास होतो तो काखेचाच. काखेत पसरलेलं दिसत नसेल तर सेंटिनल नोडची तपासणी करता येते, म्हणजे निळा रंग टोचून काखेतल्या पहिल्या एकदोन गाठी (लिम्फ नोड, कॅन्सर पसरला तर आधी तिथे जातो) शोधून तेवढ्याच तपासायच्या (नंतर दिवसभर लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका). काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर हात सुजायचा धोका जास्त. हाताचे व्यायाम कोणत्या दिवसापासून करायचे हेही तिथेच विचारून घ्या.

आता रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे काढलेलं ब्रेस्ट परत बनवणं. हा विषय ऑपरेशनच्या आधीच काढायचा, करायचं नसलं तरी, कारण त्याच ऑपरेशनमध्ये करायचं असेल तर कातडी किती ठेवायची, निपल ठेवता येईल का हे सर्जनला आधी ठरवावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर आपणहून काढतीलच असं नाही, आणि घरचे म्हणतात "या वयात कशाला". कशाला ते तिला ठरवू द्या. सिलिकॉन इम्प्लांट टाकतात, किंवा पाठीचा स्नायू पुढे फिरवतात, किंवा पोटाची चरबी-कातडी घेऊन ब्रेस्ट बनवतात. पोटाचं ऐकून "चला, पोटही कमी होईल" असं सगळ्याच म्हणतात, पण ते कित्येक तासांचं ऑपरेशन आहे आणि पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके. इम्प्लांट सोपं, पण नंतर रेडिएशन लागलं तर त्याच्याभोवती कडक कवच धरून दुखायचा धोका वाढतो, शिवाय ते जन्मभर टिकेल असं नसतं. म्हणून प्लास्टिक सर्जनला विचारा, "मला रेडिएशन लागायची शक्यता किती, आणि ते धरून तुम्ही काय सुचवाल?" एकूण ऑपरेशन्स किती, बिघडलं तर पुढे काय, आणि फोटो दाखवा म्हणा, फक्त छान आलेलेच नको. स्पर्शाची जाणीव पूर्वीसारखी राहत नाही हेही कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. नंतर, वर्षा-दोन वर्षांनीही करता येतं. आणि अजिबात न करता ब्लाऊजमध्ये पॅड वापरून मजेत राहणाऱ्या बायका भरपूर आहेत.

एक बारीक पण महत्त्वाचं. "स्मोकिंग करता का?" विचारलं की आपल्या बायका नाही म्हणतात आणि घरी दोन वेळा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच, निकोटीनने रक्तपुरवठा कमी होतो आणि जोडलेली कातडी काळी पडू शकते. सासूबाई बाजूला बसल्यात म्हणून लपवू नका. शुगरचंही तसंच.

पैशाचं. मेडिक्लेमवाले "प्लास्टिक सर्जरी कॉस्मेटिक आहे" म्हणून हात वर करू शकतात, पण पॉलिसीत कॉस्मेटिकचं कलम (कोड ०८) काढून वाचा, त्यात अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन वगळून असंच लिहिलेलं असतं. प्री-ऑथच्या (ऑपरेशनआधी विमा कंपनीकडून घ्यायच्या मंजुरीच्या) कागदावर कॅन्सर आणि रिकन्स्ट्रक्शन दोन्ही शब्द एकत्र आले पाहिजेत, हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर (मेडिक्लेमचं काम बघतात तिथे) उभं राहून बघा. महात्मा फुले योजनेतून करणार असाल तर रेशनकार्ड-आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा आणि पॅकेजमध्ये नेमकं काय बसतं ते विचारा.

घरी येताना बहुतेक वेळा ड्रेनची (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी) नळी आणि बाटली सोबत येते. जाऊबाईंना मी जुन्या परकराच्या कापडाची लांब पट्ट्याची पिशवी शिवून दिली, गळ्यात अडकवायची, म्हणजे बाटली लोंबकळत नाही. रोज ठरलेल्या वेळी किती मिली आलं ते वहीत लिहा, साधारण ३० मिलीच्या खाली दोन दिवस राहिलं की काढतात, पण तुमच्या डॉक्टरांचा आकडा विचारून घ्या. गाऊन पुढून बटणाचेच घ्या, हात वर जात नाही. डिस्चार्जच्या दिवशी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या, रात्री ताप आला किंवा जखम लाल झाली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि ऑपरेशनचा फायनल रिपोर्ट कधी येणार, तो समजावून कोण सांगणार, कारण पुढची ट्रीटमेंट त्यावरच ठरते.