जुनी रेसिंग कार अस्सल आहे का, हे कसं तपासायचं

माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लाकडी पॅटर्न बनवायचे, म्हणजे धातू ओतायच्या वाळूच्या साच्यासाठीचे नमुने. मी इंग्लंडमधल्या एका वर्कशॉपमध्ये दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रेसिंग कार पुन्हा उभ्या करते, त्यातल्या बहुतेक बुगाटी या फ्रान्समधल्या कंपनीच्या. इंजिनिअरिंगची मुलं विचारतात की ऐंशी-नव्वद वर्षं जुनी, तीनदा रंगवलेली, दोनदा आपटलेली गाडी खरी आहे हे कळतं तरी कसं? मी ते कसं तपासते, ते इथे सांगते.

आधी दोन प्रश्न वेगळे करा. गाडीत त्या काळाचा नेमका कोणता धातू उरला आहे, हा एक. ती तेव्हापासून आजपर्यंत एकच गाडी म्हणून चालत आली आहे का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकच असतील असं नाही, आणि बहुतेक भांडणं याच गोंधळातून होतात.

बेंटली या ब्रिटिश कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही रेसिंग कार घ्या. १९२९ साली वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी, १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी या गाडीवर फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. १९३२मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर ५०० मैलांच्या शर्यतीत ती ट्रॅकच्या उंच कडेवरून पलीकडे गेली आणि ती चालवणाऱ्या क्लाइव्ह डनफी यांचा जीव गेला. नंतर तिच्यावर बंद छताची बॉडी चढली. १९९०मध्ये १ कोटी पौंडांच्या सौद्यावरून प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. घेणाऱ्याचं म्हणणं होतं, ही ती गाडीच नव्हे. १९२९चं तिच्यात फारच थोडं उरलं आहे, हे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केलं. पण ती शर्यतींसाठी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, तिचा इतिहास मध्ये कुठे तुटला नाही, म्हणून हीच ओल्ड नंबर वन, असा निकाल त्यांनी दिला. सौदा पाळावा लागला.

मला हा निकाल योग्य वाटतो. शर्यतीची गाडी बदलण्यासाठीच असते. रात्रीत इंजिन उतरवून दुसरं चढवणं हे टीमचं रोजचं काम. फेरारीनेच १९६२च्या काही २५० जीटीओंवर १९६४ साली नव्या धाटणीची बॉडी चढवली. ती त्या गाड्यांच्या आयुष्याचा भाग आहे. कुणी तरी १९८५मध्ये गॅरेजात तेच केलं असतं, तर ती वेगळी गोष्ट झाली असती. म्हणून गाडीला हात लावण्याआधी एक तारीखवार तक्ता करा: कोणता भाग, कधी बदलला, कुणी, कशासाठी. रिकाम्या रकान्यांकडे जास्त लक्ष द्या. बुगाटीसाठी ग्लॉस्टरशायरमधल्या प्रेस्कॉटच्या बुगाटी ट्रस्टकडे मूळ ड्रॉइंग आणि फोटो आहेत. तारीख पक्की असलेला शर्यतीचा फोटो मिळाला, तर बॉनेटवरच्या फटी आणि रिवेटांच्या ओळी मोजून समोरच्या पत्र्याशी ताडून पाहा.

आता ओतकाम. बुगाटी टाइप ३५ ऑगस्ट १९२४मध्ये लिआँच्या ग्रां प्रीला पहिल्यांदा उतरली. तिचा क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) अ‍ॅल्युमिनियमचा, चाकंसुद्धा ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. हे भाग आज नवे मिळतात. अर्जेंटिनातली पुर सांग ही कंपनी तर अख्खी टाइप ३५ नवी बनवते, आणि काम सुरेख असतं. त्यामुळे ‘दिसायला जुनं आहे’ याला काही अर्थ नाही.

अ‍ॅल्युमिनियम गोठून थंड होताना साधारण १.३ टक्के आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. वडिलांच्या हातात त्यासाठी वेगळी आकसपट्टी असायची. नक्कल करणारा घाईत असला की जुना क्रँककेसच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतो. मग नवा भाग तेवढाच लहान निघतो: ४०० मिमी लांबीला जवळपास ५ मिमी. मशीनवर केलेली भोकं आणि सपाट्या तो जागेवर आणून घेतो, म्हणून तिथे मोजून काही कळत नाही. मोजायचं ते मशीन न लागलेल्या अंगावर: दोन रिबांमधलं अंतर, बाहेरच्या भिंतीची लांबी, बॉसचा, म्हणजे बोल्टसाठी ठेवलेल्या गोल उंचवट्याचा, कच्चा व्यास. ड्रॉइंगवरून नीट नवा पॅटर्न केला असेल, तर मात्र माप बरोबर येतं. मग साच्याच्या दोन भागांची जोडरेषा कुठे आहे, वाळूचा पोत कसा आहे, आतल्या कोअरची (पोकळीसाठी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याची) खूण कुठे आहे, हे बघायचं. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र क्ष-किरणांनी मिश्रधातू सांगतं. १९२०च्या दशकातल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये बहुधा तांबं किंवा जस्त बरंच असायचं. आजचा नेहमीचा ओतीव मिश्रधातू सिलिकॉन-मॅग्नेशियमचा असतो. पोलादाच्या बाबतीत हे यंत्र कार्बन मोजू शकत नाही, तेव्हा चेसिसबद्दल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याबद्दल, फक्त त्यावर विसंबू नका.

नंबरांबाबत एक गैरसमज काढून टाका. टाइप ३५चा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर मुळातच वेगळे असतात. कारखान्याच्या नोंदीत त्यांची जोडी काय लिहिली आहे, ते बघायचं. फ्रेम, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल यांवरचे अंकही उतरवून घ्या. मग ठशांचं वळण पाहा, खात्रीच्या गाडीवरच्या ठशांशी ताडून. नंबराच्या जागेवर सरळ पट्टी आडवी धरा: पृष्ठभाग खाली बसलेला असेल, तर तिथे घासून काढलेलं काही असू शकतं. पोलादातला पुसलेला ठसा आम्लाने पुन्हा उठवता येतो, पण ते काम प्रयोगशाळेत करायचं.

ब्रिटिश गाडी असेल तर बोल्टचे आटे बघा. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाचे सामाईक युनिफाइड आटे १९४८च्या अखेरीस मान्य झाले. १९३०च्या गाडीत व्हिटवर्थ किंवा बीएसएफ या जुन्या ब्रिटिश आट्यांऐवजी ते दिसले, तर तो बोल्ट नंतरचा.

मोटार शर्यतींची जागतिक संस्था एफआयए हिचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट असला म्हणून निर्धास्त होऊ नका. गाडी त्या काळाच्या तांत्रिक नियमांत बसते, एवढंच तो सांगतो. हुबेहूब नवी गाडीही त्यात बसू शकते.

दुरुस्ती तुमच्याकडे आली, तर काढलेला कोणताही मूळ तुकडा टाकू नका. तडा गेलेला क्रँककेस वेल्डिंगने वाचत असेल तर वाचवा, मग तो बेढब दिसला तरी चालेल. मालकांना चकचकीत हवं असतं, त्यांच्याशी मी यावर वाद घालते आणि घालत राहीन. नवा भाग बसवावाच लागला, तर आतल्या बाजूला तो बनवल्याचं वर्ष ठोका. जुन्या गाड्यांची जागतिक संस्था फिवा हिच्या ट्युरिन सनदेतही नवे भाग ओळखता येतील असे खुणावण्याची अपेक्षा आहे.

विकत घेत असाल, तर करारात नुसतं गाडीचं नाव लिहून घेऊ नका. तुमचा तारीखवार तक्ता त्याला जोडा, प्रत्येक पानावर विकणाऱ्याची सही घ्या, आणि काढलेले जुने भाग गाडीसोबत येणार की नाही, हेही त्यातच लिहा.