मंगळ-बुध-गुरू गुलमर्ग: बेळगावच्या जोडप्यानं पहिल्यांदा स्की करायला जाताना

स्कीला जायचं ठरलं की पहिले पैसे जाकिटावर जातात. खडेबाजार पालथा घालून दोघांना एका रंगाची जाकिटं घेतली जातात. पण तीन दिवस मजेत जाणार की रडकुंडीला येऊन, हे ठरतं पायातल्या बुटावर. आणि मापाचा बूट मिळणार की नाही, हे ठरतं तुम्ही कुठल्या वारी दुकानात उभे राहता त्यावर. रविवारी श्रीनगरहून सहलीला आलेल्यांची झुंबड असते. भाड्याच्या दुकानात उरलेसुरले बूट पायात कोंबून लोक बाहेर पडतात. मंगळवारी तोच दुकानदार बसवून चार जोड दाखवतो. शिकवणाराही तुमच्या दोघांपुरता मिळतो, डोंगरावर नेणाऱ्या गोंडोलाची, म्हणजे केबल कारची, रांगही आखूड असते. म्हणून आठवड्याचे मधले दिवस.

वारांची मांडणी अशी करा. रविवारी सांबऱ्याच्या विमानतळाहून दिल्ली गाठायची. ते जमत नसेल तर चोर्ल्याच्या घाटातून गोवा आणि तिथून विमान. गोवा एक्स्प्रेस बेळगावातून थेट निजामुद्दीनला जाते खरी, पण त्यात एका बाजूला दीड दिवस मोडतो. पाच दिवसांच्या रजेत ते परवडत नाही. रात्री दिल्लीत मुक्काम करा आणि सोमवारी दुपारच्या आत श्रीनगरला उतरणारं विमान धरा. अगदी पहाटेचं नको. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं आणि पहिली विमानंच आधी रखडतात. फार उशिराचंही नको, कारण गुलमर्गचा शेवटचा चढ उजेडात झालेला बरा. मंगळ, बुध, गुरू स्की, शुक्रवारी खाली, शनिवारी घर. रविवार मोकळा ठेवला की शुक्रवारचं विमान बर्फामुळं रद्द झालं तरी सोमवारी कामावर तुम्ही हजर.

महिना कुठला? 21 डिसेंबरपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत काश्मिरातले चिल्लई कलानचे चाळीस दिवस. थंडी कडक, आणि रस्ता व विमान दोन्ही बेभरवशाचे. नवशिक्यांना फेब्रुवारी बरा. बर्फ साचून बसलेला असतो आणि दिवसही थोडा मोठा झालेला असतो. खेलो इंडियाचे हिवाळी खेळ गुलमर्गला बहुतेक याच सुमारास होतात. तारखा जाहीर झाल्या की तो आठवडा सोडा. 26 जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या तर तोही सोडा. उत्तराखंडातल्या औलीचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच की हरिद्वारपासून जोशीमठपर्यंतचा घाट जवळजवळ पूर्ण दिवस खातो, आणि जोशीमठहून वर जाणारा रोपवे 2023 च्या जानेवारीत तिथली जमीन खचल्यावर बंद झाला. आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या हिशेबात ते बसत नाही.

निघण्याआधी महिनाभर

स्कीत दमतात त्या मांड्या, छाती नव्हे. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सपाट चालून त्यांना काही होत नाही. आठवड्यातून तीनदा भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखं, पण खाली खुर्ची न घेता बसा. पहिल्या आठवड्यात 30 सेकंद, चौथ्यात दीड मिनिट, प्रत्येक वेळी तीनदा. रविवारी राजहंसगड चढा, पण खरा व्यायाम उतरताना होतो. सावकाश, गुडघे किंचित वाकवून उतरा. दुसऱ्या दिवशी जे दुखेल तेच गुलमर्गात दुखणार असतं. इथं दुखून गेलेलं बरं.

कपड्यांत एकच नियम: अंगाला सुती काही लागता कामा नये. सुती बनियन घाम धरून ठेवतो, आणि उभं राहिलं की तोच घाम बर्फासारखा गार होतो. आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट व पँट. खानापूरच्या पावसाला पुरून उरलेला रबरी रेनकोट इथं चालत नाही. तो पाणी बाहेर ठेवतो, पण घामही आत कोंडतो. जीन्स तर नकोच. हातमोजे पाणी न शिरणारे आणि प्रत्येकी दोन जोड. एक जोड ओला होणारच.

सिमकार्ड विसरू नका. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड तिथं चालत नाही, पोस्टपेड चालतं. दोघांपैकी एकाचं तरी पंधरा दिवस आधी बदलून घ्या. रोकड जवळ ठेवा, कारण वर प्रत्येक ठिकाणी फोनवरून पैसे जातीलच असं नाही. खिशात गोकाकचा करदंट ठेवा. डिंक, सुका मेवा आणि गुळाचा तो तुकडा थंडीत चिवट होतो, पण चावता येतो. कुंदा खोलीतच राहू द्या.

हॉटेल ठरवताना चारच गोष्टी विचारा: खोली कशानं तापते, रात्री वीज गेली तर जनरेटर किती तास चालतो, ओले बूट-मोजे वाळवायला जागा आहे का, आणि शिकण्याच्या उतारापर्यंत चालत किती वेळ लागतो. लाकडं जाळून खोली तापवणारी बुखारी असेल तर खिडकीची फट उघडी ठेवून झोपा. कोळशाची कांगडी, म्हणजे हातात धरायची छोटी शेगडी, पांघरुणात किंवा बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो.

श्रीनगर विमानतळ ते गुलमर्ग सुमारे 55 किलोमीटर. तंगमर्गपर्यंत गाडी सरळ जाते. पुढचे 13 किलोमीटर घाटाचे आहेत, आणि ताजा बर्फ पडला असेल तर चाकांना साखळी असलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडीच वर सोडतात. गाडी ठरवताना "गुलमर्गच्या हॉटेलपर्यंत, साखळीसकट" असं बोलून घ्या, नाहीतर तंगमर्गला दुसरी गाडी आणि दुसरं भाडं. तिथंच गमबूट आणि लांब कोट भाड्यानं द्यायला माणसं गाडीला गराडा घालतात. जवळ पाणी न शिरणारे बूट असतील तर काही घेऊ नका.

बेळगावची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, गुलमर्गची सुमारे 2,650. सोमवारी संध्याकाळी नुसतं फिरा, भरपूर पाणी प्या, दारू नको. किंचित डोकं दुखणं चालतं. ओकारी, तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं ही लक्षणं दिसली तर रात्रीच खाली उतरायचं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर घरूनच डॉक्टरांना विचारून निघा.

बूट

मंगळवारी सकाळी दुकानात आधी बूट घ्या, मग स्की, मग काठ्या. स्कीच्या बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घरीच टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा आणि मोजा. दोन्ही पाय मोजायचे, मोठा धरायचा. 25.5 भरला तर 25.5 मागा. "थोडा मोठा घ्या, आरामात बसेल" हा सल्ला चपलेला लागू, इथं नाही. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, मग स्की वळत नाही आणि नडगी सोलवटते.

पाय आत घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. घोट्यावरचे बकल घट्ट, पंजावरचे नुसते अडकवलेले. ताठ उभं राहिलं की बोटं पुढं टेकली पाहिजेत, गुडघे पुढं वाकवले की सुटली पाहिजेत. तसं झालं तर माप बरोबर. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थर्मलचा पाय बुटाच्या वर ओढून घ्या, आत सुरकुती राहिली तर तासाभरात फोड येतो. पाय गार पडला की लोक दुसरा मोजा चढवतात, आणि तिथंच चुकतं. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त पोचत नाही, पाय आणखी गार पडतो. बकल सैल करून पाच मिनिटं बोटं हलवा.

स्की हनुवटीपर्यंतच्या किंवा थोड्या आखूड. काठी उलटी धरून चकतीखाली मूठ आवळा. कोपर काटकोनात आलं की लांबी ठीक. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा आकडा तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि सराव बघून लावतात. तो दुकानदारानंच लावायचा. इथं वजन खरं सांगा. जोडीदारासमोर पाच किलो लपवले तर स्की उगाच सुटत राहील. "थोडं येतं मला" अशी फुशारकी मारली तर पडल्यावर ती सुटणार नाही आणि गुडघा पिळवटेल. हेल्मेट पट्टा न लावता डोकं हलवलं तरी हलू नये.

उतारावर

एकमेकांना शिकवू नका. एकाला चार वर्षांपूर्वी मनालीत दोन तास जमलं होतं, तेवढ्या भांडवलावर दुसऱ्याला सूचना द्यायला लागलं की दुपारी जेवताना दोघं गप्प असतात. दोघांत एक शिकवणारा घ्या. दर ठरवताना तास किती, स्की-बुटाचं भाडं त्यात आहे की नाही, हे आधी पक्कं करा. एक जण पुढं गेला तर बुधवारी अर्धा वेळ वाटून घ्या. बरोबरीनं शिकण्याचा हट्ट नको.

पहिला दिवस खालच्या गोल्फ मैदानाच्या सौम्य उतारावर काढा. आधी नुसत्या बुटांत चालणं, मग एक स्की, मग दोन. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीनं खरवडून, पंजा आधी अडकवायचा, मग टाच दाबून खटका ऐकायचा. बर्फ राहिला तर खटका अर्धवट बसतो आणि पहिल्या वळणावर स्की निघून जाते. मग आडवं पायऱ्या चढल्यासारखं वर जाणं, आणि स्नो-प्लो. यात पुढची टोकं जवळ ठेवून टाचा बाहेर ढकलायच्या. टोकं एकमेकांवर चढत असतील तर तुम्ही बोटांनी आत ओढताय, टाचेनं ढकला. वळण्यासाठी डावीकडं जायचं तर उजव्या पायावर भार द्या.

सगळ्यात मोठी चूक मागं झुकणं. भीती वाटली की अंग आपोआप मागं जातं, आणि स्की तेव्हाच पळायला लागतात, कारण पुढच्या टोकांवर वजन उरत नाही. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली जाणवली पाहिजे. मांड्या पेटल्या तर समजा, मागं बसलाय. पडायचं झालं तर बाजूला, कुल्ल्यावर पडा. हात टेकू नका. उठताना दोन्ही स्की अंगाच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या करा. सरळ खाली तोंड करून उठाल तर उठता उठताच सुटाल. खाली असणाऱ्याला आधी वाट. थांबायचं ते कडेला, फोटोसाठी मधोमध नाही.

दुसऱ्या दिवशी, प्लोनं हवं तिथं थांबता येत असेल तरच, गोंडोलाचा पहिला टप्पा: कोंगडोरी, सुमारे 3,100 मीटर. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. दुसरा टप्पा अफरवटवर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत जातो आणि वारा सुटला की बंद होतो. तिथं हवं तर बघायला जा, पण स्की घेऊन नको, आणि तीन दिवसांच्या विद्यार्थ्याला कुणी "मी आहे की" म्हणालं तरी नको. 2023 च्या फेब्रुवारीत अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. दोऱ्या लावून बंद केलेल्या भागात पाऊलखुणा दिसल्या म्हणून तिकडं शिरू नका.

रोज दुपारी दोन-अडीचला थांबा. दुखापती बहुतेक "आता एकच शेवटची" फेरीत होतात, कारण तोवर मांड्या संपलेल्या असतात आणि बर्फ पुन्हा घट्ट होऊ लागलेला असतो. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा, बर्फ ऊन खालून परतवतो. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका. संध्याकाळी बुटांचं आतलं अस्तर सैल करून तापलेल्या खोलीत वाळत ठेवा, बुखारीला चिकटवून नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेर बॅटरी भराभर उतरते.

गुरुवारी संध्याकाळीच सामान परत करून ठेवीची पावती सोडवून घ्या. शुक्रवारी सकाळी दुकान कधी उघडेल त्यावर तुमचं विमान टांगू नका. श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावरच उतरून सगळ्या बॅगा तपासल्या जातात आणि आत पुन्हा तपासण्या होतात, म्हणून उड्डाणाच्या तीन तास आधी तिथं पोचा. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, ओले मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत.