लिमेसपलीकडची (रोमन साम्राज्याच्या सीमेपलीकडची) रोमन शस्त्रं अभ्यासायची असतील तर

हा विषय निवडलात म्हणजे ग्लॅडियस (आखूड रोमन तलवार) आणि स्पाथा (लांब तलवार) यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. घात होतो तो 'रोमन वस्तू सापडली, म्हणजे रोमन सैनिक तिथे आले होते' या एका वाक्याने. प्रबंधात ते लिहिलंत की पुढची सगळी मांडणी कोसळते.

डेन्मार्कमधलं इलेरुप ओडाल घ्या. इ.स. 200 नंतर लवकरच, तेव्हा तळं असलेल्या या जागी, एका हरलेल्या सैन्याची शस्त्रं मोडून, वाकवून पाण्यात टाकली गेली. तलवारींची कितीतरी पाती रोमन कारखान्यांतली, काहींवर ठसे, काहींवर पितळेत जडवलेले मार्स आणि व्हिक्टोरिया हे रोमन देव-देवता. पण भाल्यांची पाती बहुतांशी जर्मानिक बनावटीची. सैनिकांच्या कमरेचे कंगवे आणि ठिणगी पाडून आग पेटवायची लोखंडं नॉर्वे-पश्चिम स्वीडनकडे बोट दाखवतात. म्हणजे रोमन तलवार तिथे पोचली ती स्कँडिनेव्हियन माणसाच्या हातून. त्याला ती लुटीत मिळाली, व्यापारात, भेट म्हणून की रोमन सैन्यातल्या नोकरीतून, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एकट्या तलवारीत नसतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक सागरदेवाची कांस्यमूर्ती निघाली म्हणून तिथे कुणी रोमन छावणी शोधत नाही. तोच विवेक इथेही हवा.

म्हणून आधी वस्तूच्या आसपासचं सगळं नोंदवा, प्रकार नंतर ठरवा. पातं कधी घडलं आणि पाण्यात कधी पडलं, यांचे दोन वेगळे रकाने ठेवा. गंजलेलं पातं साफ करण्याआधी क्ष-किरण चित्र घ्याच. घाईने खरवडलेलं जडावकाम परत येत नाही. पाणथळ जागेतलं लोखंड किंवा लाकूड संवर्धकाकडे जाईपर्यंत ओलंच राहू द्या.

मातीचा आम्लपणाही तपासा. उत्तर जर्मनीतल्या थोर्सबर्गच्या आम्लधर्मी दलदलीत लोखंड जवळजवळ सगळं विरघळलं. म्यानाच्या टोकाच्या टोप्या उरल्या, कापडही टिकलं, पाती गेली. जवळच्याच, डेन्मार्कमधल्या न्युडामच्या दलदलीत लोखंड टिकलं. दोन्ही ठिकाणच्या तलवारींची नुसती संख्या शेजारी मांडून निष्कर्ष काढणं सरळ चूक आहे.

रोमन सैन्य खरोखर आलं होतं हे कसं ओळखायचं? जर्मनीतलं हार्झहॉर्न पाहा. तिसऱ्या शतकातली रणभूमी, 2008 मध्ये उजेडात आलेली. तिथे कॅटापुल्टचे (बाण फेकणाऱ्या यंत्राचे) बाण, गाड्यांचे भाग आणि सैनिकी पादत्राणांच्या तळाचे खिळे उतारावर पसरलेले आहेत. असा खिळा क्षुल्लक वाटतो, पण तो लुटीत कुणी मुद्दाम नेत नाही. चालणाऱ्याच्या पायातून गळतो. प्रत्येकाचं स्थान उचलण्याआधी मोजा, बाणाच्या टोकाची दिशाही लिहा.

नुसते प्रकारांचे तक्ते पाठ करून घेणारा मार्गदर्शक मिळाला तर दुसरा शोधा, हे माझं ठाम मत. छायाचित्रांवरून वर्गीकरणाचा जवळचा रस्ताही नको. सुरुवातीला सगळं अंगावर येतं, ते स्वाभाविक आहे. एकाच स्थळाच्या उत्खनन-अहवालाचे खंड नीट वाचलेत की नजर बसते. इलेरुपचे खंड मात्र जर्मनमध्ये आहेत, तेव्हा ती भाषा आजच सुरू करा.