विमानाच्या एग्झॉस्ट पाइपला हाय टेम्परेचर कोटिंग कसं मारायचं

कोटिंगचा डबा उघडायच्या आधी पाइप चेक करा, बाकी सगळं नंतर. सेसना १७२ सारख्या छोट्या पिस्टन विमानात केबिनचा हीटर एग्झॉस्टवरच चालतो, मफलरभोवती पत्र्याचं कव्हर असतं, बाहेरची हवा त्यातून गरम होऊन केबिनमधे येते. मफलरला बारीक भेग असली तरी कार्बन मोनॉक्साइड त्याच वाटेने आत येतो, त्याला ना रंग ना वास. आणि भेगेवर कोटिंग बसलं की पुढच्या इन्स्पेक्शनला ती दिसतच नाही. म्हणून पाइप काढा, व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू एका तोंडाला लावा, बाकीची तोंडं बंद करा आणि वरून साबणाचं पाणी मारा. स्लिप जॉइंटला (जिथे एक पाइप दुसऱ्यात नुसता सरकवलेला असतो) थोडे बुडबुडे येणारच, पण वेल्डवर किंवा पत्र्यावर आले तर आधी दुरुस्ती. मफलरचा कव्हरखालचा भाग कोटच करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, तो उघडा दिसायला हवा.

अजून एक, विमान सर्टिफाइड असेल तर स्वतःच्या मनाने काही मारायचं नाही, मेंटेनन्स मॅन्युअलमधे किंवा अप्रूव्ह्ड डेटामधे असेल तेवढंच, आणि सही लायसन्स्ड इंजिनियरची. खाली लिहिलंय ते मुख्यतः होमबिल्टवाल्यांसाठी, म्हणजे स्वतः विमान बांधणाऱ्यांसाठी.

कोटिंग टिकतं ते साफसफाईवर. पाइप बहुतेक ३२१ स्टेनलेसचा असतो, त्याला लोखंडी वायर ब्रश किंवा स्टील वूल लावू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तिथूनच गंज धरतो. नवीन, स्वच्छ अॅल्युमिनियम ऑक्साइडने हलकं ब्लास्टिंग करा (हवेच्या जोराने पावडर मारायची), लोखंडावर वापरलेली पावडर नको. मग एसीटोन आणि धागे न सुटणारं कापड. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात नको, क्लोराइड आणि उष्णता एकत्र आली की स्टेनलेसला भेगा पडतात. खुणा करायला शिसपेन्सिल चालत नाही, त्यातला कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि तिथेच पाइप तडकतो. झिंक लावलेली हत्यारंही लांब ठेवा. यानंतर उघड्या हाताने पाइपला शिवायचं नाही, ग्लोव्ह्ज घालाच.

फ्लँजच्या सपाट बाजू, स्लिप जॉइंट, बॉल जॉइंट आणि ईजीटी प्रोबची (एग्झॉस्ट गॅसचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) भोकं टेपने झाका. सिलिकॉनवालं पेंट असेल तर पातळ दोन-तीन हात द्या, जाड थर तापला की फुगतो आणि पापुद्रे निघतात. पण सिलेंडरजवळ गॅस ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि साधं सिलिकॉन पेंट ६५० च्या आसपासच थांबतं, त्यामुळे तिथे सिरॅमिकच हवं आणि ते कोटिंगवाल्याकडूनच करून घ्या.

पेंट वाळलं म्हणजे झालं असं नाही, ते भाजावं लागतं. बऱ्याच सिलिकॉन पेंटला आधी १२० अंशाला अर्धा तास, मग थंड, मग २०० ला, परत थंड, मग ३१५ ला, असं टप्प्याने न्यायचं असतं, तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते पाळा. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका, एक तर तो तेवढा तापत नाही आणि वर पेंटचा धूर जेवणाच्या जागी. काही जण इंजिन चालवूनच क्युअर करतात, पण नुकतंच ओव्हरहॉल झालेलं इंजिन जमिनीवर उगाच चालवत ठेवणं सिलेंडरच्या दृष्टीने वाईट, रिंग नीट बसत नाहीत, तेव्हा पेंट भाजायचा वेगळा ओव्हनच बरा.

बसवताना नवीन गॅस्केट घाला, नट टॉर्कप्रमाणे आवळा. पहिल्या उड्डाणानंतर काउल (इंजिनवरचं कव्हर) काढून जॉइंटपाशी बघा, फिकट राखाडी पावडरीसारखा डाग किंवा काजळी दिसली तर तिथून गॅस गळतोय, तो बंद होईपर्यंत विमान जमिनीवरच ठेवा.