ऑल-इन-वन घेऊ की टॉवर? आधी बिघडेल त्या दिवसाचा विचार करा

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की सेल लागतात आणि माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला आलेला दर तिसरा माणूस तोच प्रश्न विचारतो, कॉम्प्युटर ऑल-इन-वन घेऊ (स्क्रीनच्या आतच सगळं मशीन) की टॉवर (उभा डबा आणि मॉनिटर वेगळा). फोंड्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पोस्टरं, नाटकांची हँडबिलं आणि मधल्या वेळेत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं, असा खिचडी धंदा. दोन्ही प्रकारची मशिनं वापरून झालीत, दोन्हींनी रडवलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी मुंगीची गोष्ट सांगतो. तुळशीचं लग्न झालं की आमचा पत्रिकांचा सीझन सुरू होतो. अशाच एका संध्याकाळी ‘शुभविवाह’ टाइप केलं तर ‘वि’वर अनुस्वार दिसतोय. डिलीट केला, जात नाही. फॉन्ट बदलला, तरी आहेच. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तोच. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं, मी घामाघूम, आणि मग तो अनुस्वार हळूच चालायला लागला, ‘ह’वरून गेला आणि वधूच्या नावावर जाऊन थांबला. स्क्रीनच्या आत मुंगी शिरली होती. दोन दिवस आत फिरली आणि बरोबर मध्यभागी मेली ती कायमची. आता टॉवरच्या मॉनिटरमध्येही मुंगी शिरतेच, असं नाही की तिला ऑल-इन-वनच आवडतं. पण तिथे मॉनिटर वेगळा असतो, अगदीच सहन होईना तर तेवढा बदलायचा. इथे स्क्रीन म्हणजेच कॉम्प्युटर, त्यामुळे मी मुंगीसकट पत्रिका करत राहिलो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की घेताना स्पीड, लूक, रंग हे नंतर बघा, आधी हे मशीन बिघडेल त्या दिवशी काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. कोण उघडेल, पार्ट कुठे मिळेल, तोवर तुमचं काम किती दिवस अडेल. गोव्यात बिघडणार हे धरूनच चला. जूनपासून चार महिने दमट हवा, किनाऱ्याला खारा वारा, आणि परतीच्या पावसात संध्याकाळचा गडगडाट सुरू झाला की लाइट जातो, येतो, पुन्हा जातो.

माझंच बघा ना. एकाच पावसाळ्यात दुकानातली दोन्ही मशिनं बसली. टॉवरचा एसएमपीएस गेला, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा. सकाळी दहाला गेला, बाजारातून नवीन आणला, चार स्क्रू आणि पाच-सहा कनेक्टर, दुपारी जेवायच्या आधी मशीन चालू. त्यानंतर पंधरा दिवसांनी ऑल-इन-वन सुरूच होईना. सर्व्हिस सेंटर म्हणालं मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड गेलाय, बाहेरून मागवावा लागेल. सव्वीस दिवस लागले आणि बिल एवढं आलं की त्यात एक साधा सेकंडहँड कॉम्प्युटर आला असता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीत वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही, ही बनावटच तशी आहे.

म्हणजे कशी, तर बहुतेक ऑल-इन-वन हा मोठ्या स्क्रीनला चिकटवलेला लॅपटॉप असतो. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी यू किंवा एच अक्षर दिसलं, उदाहरणार्थ आय५-१३३५यू, तर तो लॅपटॉपचा प्रोसेसर, बोर्डवर कायमचा सोल्डर केलेला, तो बदलता येत नाही. रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, ही लॅपटॉपची छोटी पट्टी असते, काहींत तीही सोल्डर केलेली. ॲपलचा पहिला आयमॅक १९९८ मध्ये आला तिथून हा प्रकार घरोघरी गेला, आणि त्याच आयमॅकची गंमत बघा, २०२०च्या २७ इंची मॉडेलला मागे छोटं दार होतं, उघडून रॅम वाढवता यायची. २०२१ला २४ इंची आला त्यात दारच नाही, रॅम घेताना ठरवाल तेवढीच.

पण मग ऑल-इन-वन वाईटच का, तर तसं नाही. माझी बहीण पेडण्याकडे समुद्राजवळ राहते, घराच्या चार खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. तिचं काउंटर म्हणजे दोन हात लांबीची फळी. तिला बुकिंग बघायचं, आयडीचे स्कॅन, बिल, आणि कधीतरी मुलाशी व्हिडिओ कॉल. कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय सगळं आत आहे आणि बाहेर एकच वायर. तिथे टॉवर ठेवला असता तर पायाला लागला असता आणि फरशी पुसताना पाणी आत गेलं असतं. शिवाय तिचं मशीन पंधरा दिवस बंद राहिलं तरी मोबाइलवर भागतं. बिघाडाचा दिवस तिला परवडतो, मला नाही, एवढाच फरक.

ऑल-इन-वन घ्यायचं ठरलं तर दुकानात उभं राहून हे बघा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ म्हणून आकडा दिसतो. दोनपैकी एक वापरलाय असं असेल तर उत्तम, पुढे पट्टी वाढवता येईल. त्याखाली फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं दिसलं तर रॅम सोल्डर केलेली समजा, आणि मग आताच जास्त रॅमवालं घ्या, ८ जीबी घेऊन नंतर वाढवू म्हणायची सोय नाही. दुसरं, मागे एचडीएमआयचं भोक दिसलं की सेल्समन खूश होऊन दाखवतो, त्याला विचारा हे इन आहे (बाहेरचं चित्र या स्क्रीनवर घेणारं) की आउट (इथलं चित्र दुसऱ्या स्क्रीनला देणारं). बहुतेक ठिकाणी आउटच असतं. इन असेल तर आतला कॉम्प्युटर मेला तरी बऱ्याचदा स्क्रीन नुसता मॉनिटर म्हणून वापरता येतो. माझ्याकडे आउट होतं, त्यामुळे ते सव्वीस दिवस चांगलाचुंगला स्क्रीन भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिसरं, घरी येऊन, खरं तर घ्यायच्या आधीच, त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल नेटवर शोधा. मोठ्या कंपन्या ते फुकट पीडीएफमध्ये ठेवतात. मागचं कव्हर काढायला किती स्क्रू, डिस्क निघते का, फॅन साफ करता येतो का, सगळं चित्रांसकट असतं. स्क्रीनच आधी उपटायला लागत असेल तर ते मॉडेल सोडा.

ॲडॉप्टर बाहेर असलेलं मॉडेल मला जास्त आवडतं. व्होल्टेजचा मार आधी त्याच्यावर येतो आणि तो बदलणं सोपं असतं, फक्त व्होल्ट आणि पिन तंतोतंत जुळायला हवी, वॉट तेवढेच किंवा जास्त.

आता टॉवर. लोकांना वाटतं टॉवर घेतला म्हणजे काहीही वाढवता येतं, इथेच फसतात. माझा भाचा फर्मागुडीला इंजिनीअरिंगला आहे, त्याला थ्रीडीच्या कामासाठी (आणि गेमसाठी, मामाला कळत नाही असं त्याला वाटतं) ग्राफिक्स कार्ड हवं होतं. कुठूनतरी ब्रँडेड बारीक टॉवर स्वस्तात घेऊन आला. उघडला तर एसएमपीएस १८० वॉटचा, तोही त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, कनेक्टर वेगळे, आणि डबा इतका अरुंद की अर्ध्या उंचीचंच कार्ड बसेल. बोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी वायर लागते, ती तिथे नव्हतीच. “मामा, टॉवरच तर आहे ना हा?” म्हणतो. म्हटलं बाबा, उभा आहे म्हणून टॉवर आहे, वाढणारा नाही.

त्यामुळे टॉवर घेताना डब्याचं झाकण उघडायला लावा, लाजू नका. बोर्ड स्टँडर्ड मापाचा आहे का, म्हणजे एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स. एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ला काढलं आणि अजून चालतंय, म्हणूनच आजचा एसएमपीएस जुन्या कॅबिनेटमध्येही बसतो. रॅमचे स्लॉट दोन की चार, किती रिकामे. एम.टू डिस्कची (बोर्डवरच बसणारी पट्टीसारखी छोटी डिस्क) जागा एक की दोन. एसएमपीएसवर नाव आहे का नुसता चकचकीत स्टिकर. ते कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणारे हलके एसएमपीएस असतात ना, ते आपल्या लाइटीत टिकत नाहीत, हातात घेऊन वजनावरूनच कळतं. आणि प्रोसेसरच्या शेवटी एफ अक्षर असेल तर त्याच्या आत ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. हे न सांगता विकणारे मी पाहिलेत.

प्रोसेसर नंतर बदलायचा विचार असेल तर सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा बघा. एएमडीचा एएम४ सॉकेट किती वर्षं चालला, त्यांच्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून ५००० सिरीजचे प्रोसेसर बसले. इंटेलमध्ये साधारण दोन-तीन पिढ्यांनी बोर्ड बदलावाच लागतो. खरं सांगायचं तर बहुतेक लोक प्रोसेसर कधीच बदलत नाहीत. रॅम आणि डिस्क वाढवतात आणि एसएमपीएस जळतो, एवढंच होतं, पण तेवढ्यासाठीच टॉवर हवा. रॅमचं मात्र नंतर बघू म्हणून टाळू नका, २०२५च्या शेवटी भाव असे काही चढले की मी दोन महिने कोटेशन हातात घेऊन बसलो होतो.

सेकंडहँडचा मोह होत असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. सातव्या पिढीचा टॉवर स्वस्तात मिळाला तर निदान बोर्ड-प्रोसेसर बदलून पुढे नेता येतो, सातव्या पिढीचं ऑल-इन-वन स्क्रीन कितीही सुंदर असला तरी घेऊ नका.

किमतीची तुलना करताना लोक टॉवरचा नुसता डबा धरतात आणि ऑल-इन-वन महाग म्हणतात. कागद घ्या आणि मॉनिटर, कीबोर्ड-माउस, वेबकॅम, स्पीकर, वायफायचा डोंगल, ओरिजिनल विंडोज हे सगळं टॉवरच्या खाली लिहा, मग बेरीज करा. पहिल्या दिवशी फरक फार राहत नाही. पण पाच वर्षांनी दुसरा टॉवर घ्याल तेव्हा मॉनिटर, कीबोर्ड, स्पीकर जुनेच चालतात, तिथे पैसे वाचतात. विजेचं म्हणाल तर ऑल-इन-वन ५० वॉट आणि साधा टॉवर मॉनिटरसकट १०० वॉट धरला, रोज आठ तास, तर महिन्याला फरक १२ युनिट. त्यावरून निर्णय घेण्यात अर्थ नाही.

काहीही घ्या, यूपीएस घ्याच. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटचा असतो, साध्या मशीनला फाइल सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ देतो. त्याला लेझर प्रिंटर जोडू नका, तो तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो आणि तुम्ही यूपीएसला शिव्या घालता. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, जुन्या चिऱ्याच्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि मागे अर्थची वायरच नसते. आणि गडगडाट सुरू झाला की प्लग तर काढाच पण इंटरनेटची केबलही काढा. माझ्या ऑल-इन-वनचा लॅन पोर्ट त्या वायरीतून आलेल्या विजेनेच गेला, प्लग मी काढला होता. नंतर यूएसबीचा लॅन ॲडॉप्टर लावून काम भागवलं.

पावसाळ्यात मशीन वापरत नसाल तरी आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, आतल्या उष्णतेने दमटपणा निघतो. टॉवर जमिनीवर ठेवू नका, वीतभर उंचीचं स्टूल पुरे, आणि भिंतीपासून चार बोटं लांब. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, झाकण काढून ब्लोअर मारा. आधी प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. धूळ आणि ओल मिळून जो चिखल होतो तो ब्लोअरने जात नाही, त्याला कोरडा ब्रश लागतो. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावलेल्या आहेत ना बघा, पाल तिथूनच आत जाते आणि एसएमपीएसची ऊब तिला फार आवडते. जास्त सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

ज्यांना टेबलावर जागा नाही आणि बिघाडाची भीतीही आहे त्यांच्यासाठी तिसरा पर्याय आहे जो दुकानदार स्वतःहून सांगत नाही, मिनी पीसी. जाड पुस्तकाएवढा डबा असतो. मॉनिटरला मागे १०० बाय १०० मिलिमीटरची वेसाची (मॉनिटर टांगायच्या ठरलेल्या मापाची) चार भोकं असतील तर पाठीवरच स्क्रू करता येतो, पुढून बघणाऱ्याला ऑल-इन-वनच वाटतं. बऱ्याच मिनींमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या आणि एम.टू डिस्क सहज बदलता येते, फक्त मोठं ग्राफिक्स कार्ड विसरा. आज मला कोणी घरासाठी विचारलं तर मी बहुतेक हाच सांगतो. दुकानाला, एडिटिंगला, भाच्यासारख्यांना टॉवर. काउंटरला ऑल-इन-वन.

माझं ते रिपेअर होऊन आलेलं ऑल-इन-वन शेवटी बहिणीच्या काउंटरवरच गेलं. मुंगी अजून आत आहे, स्क्रीनच्या मधोमध. परवा विचारलं, त्रास होतो का गं तिचा. म्हणाली, “नाही रे दादा, इथे सगळं इंग्रजीत असतं, फुलस्टॉप समजून पाव्हणे काही बोलत नाहीत.”